गिऱ्हाइकाची साक्ष

कल्याण मागे टाकून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या वाटेवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही जी तीन नगरे एकमेकांस जवळजवळ चिकटून वसली आहेत, त्यांचा एक विशेष असा की, पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदणाऱ्या कुटुंबांच्या जोडीने, मुंबईतील जागेचे भाव न परवडल्यामुळे इकडे येऊन स्थायिक झालेली कुटुंबे येथे पदोपदी भेटतात. अशा कुटुंबाच्या हाती घराची किल्ली आली की त्याच आठवड्यात सुतार, प्लंबर, पिठाची गिरणी, किराणा, दवाखाना, मुलांची शिकवणी अशा अनेक गोष्टींची निकड भासू लागते. आणि पूर्वी ज्या चौकशीचे उत्तर शेजारघरी किंवा सकाळच्या गाडीतील नेहमीच्या सोबत्यांकडून मिळत असे, ती चौकशी आता बहुधा प्रथम मोबाईलवरील नकाशात केली जाते. तेथे दुकानाच्या नावाखाली कोणा अनोळखी इसमाने लिहून ठेवलेल्या चार-पाच ओळी वाचून तो गृहस्थ आपली कष्टाची रक्कम कोठे खर्च करावी हे ठरवितो. म्हणून त्या ओळी लिहिणाऱ्यावर एक जबाबदारी येऊन पडते, आणि ती नीट कशी पार पाडावी हे सांगावे, एवढ्यासाठीच हा लेख.

आज जे अभिप्राय लिहिले जातात त्यांतील पुष्कळसे वाचून वाचकाच्या पदरी काहीच पडत नाही. ‘मस्त’, ‘एकदम बकवास’, ‘नाईस प्लेस’, ‘पैसे वाया’ यांतून लिहिणाऱ्याची त्या क्षणीची मनःस्थिती कळते, पण दुकानाची हकीकत कळत नाही. माझ्या मते अभिप्राय ही एक साक्ष आहे, आणि साक्षीदाराचे जे कर्तव्य तेच अभिप्राय लिहिणाऱ्याचे. आपण काय पाहिले, केव्हा पाहिले, कोठे पाहिले, किती दाम मोजले आणि त्या मोबदल्यात हाती काय आले, हे त्याने सांगावे. निकाल देणे हे साक्षीदाराचे काम नव्हे, तो वाचकाने आपल्या गरजेप्रमाणे आपल्यापुरता द्यावयाचा असतो. ‘जेवण महाग आहे’ या वाक्याने एका वाचकाची दिशाभूल होते आणि दुसऱ्याची होत नाही. परंतु ‘दोघांच्या जेवणाचे इतके रुपये झाले’ असे लिहिले की ज्याला ते परवडते तो जातो, ज्याला परवडत नाही तो थांबतो, आणि दुकानदारावरही अन्याय होत नाही.

स्थळाचा उल्लेख ही या तीन नगरांपुरती सर्वांत महत्त्वाची बाब आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी उल्हासनगरच्या जागी लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. छावणी गेली, बराकींच्या जागी इमारती उठल्या, तरी कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते मात्र अजून जसेच्या तसे चालू आहेत, आणि ‘उल्हासनगरातील अमुक दुकान’ एवढ्यावर परगावचा मनुष्य निघाला तर कॅम्प एक आणि कॅम्प पाच यांमधील अंतर त्याला रिक्षाच्या भाड्यावरून समजते. सबब अभिप्रायात कॅम्पचा क्रमांक, जवळचा चौक किंवा बाजार, आणि उतरण्यास सोयीचे स्थानक उल्हासनगर, विठ्ठलवाडी की शहाड, हे नमूद करावे. अंबरनाथ आणि बदलापूर येथे रुळांनी गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. बदलापुरात कात्रप, शिरगाव हे पूर्वेस आणि मांजर्ली, बेलवली हे पश्चिमेस, हे तेथील मुलालाही ठाऊक असते, पण कालपरवा राहावयास आलेल्याला ते ठाऊक नसते. तेव्हा ‘पूर्व’ किंवा ‘पश्चिम’ हा एक शब्द लिहावयास विसरू नये. जिना चढून पुलावरून सामान नेणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने त्या एका शब्दाचे मोल फार आहे.

उल्हासनगरचा फर्निचरचा बाजार आणि जीन्सचा धंदा यांची ख्याती मुंबई-ठाण्यापर्यंत आहे, म्हणून या दोहोंविषयी जरा विस्ताराने लिहितो. फर्निचरच्या बाबतीत मोठी चूक होते ती घाईची. कपाट घरी आले, रंग झळाळतो आहे, कारागिरांनी गोड बोलून चहा घेतला, आणि त्याच संध्याकाळी गृहस्थ पाच तारे देऊन मोकळा होतो. परंतु लाकूडकामाची खरी परीक्षा पावसाळा घेतो. दार फुगून अडकते का, बिजागरी सैल पडते का, सनमायका कडेने सुटते का, भुसा पडू लागतो का, हे चार महिने गेल्याखेरीज कळत नाही. यास्तव पहिला अभिप्राय केवळ व्यवहारापुरता लिहावा: बयाणा किती दिला, माल कोणत्या दिवशी देण्याचा वायदा होता आणि प्रत्यक्षात केव्हा आला, गाडीभाडे व बसवणावळ ठरलेल्या किमतीत होती की निराळी मागितली, पक्के बिल मिळाले की कच्च्या कागदावर आकडे लिहून दिले. पावसाळा सरल्यावर त्याच अभिप्रायात भर घालावी. गूगल मॅप्सवर आपला मजकूर पुढे केव्हाही दुरुस्त करता येतो, आणि या सोयीचा उपयोग फारच थोडे लोक करतात याची मला खंत वाटते. प्लायवूडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. मरीन प्लायवर आयएस ७१० आणि सर्वसाधारण प्लायवर आयएस ३०३ या भारतीय मानकांचा शिक्का असावयास हवा; दुकानदाराने तोंडी ‘मरीन’ म्हटले आणि फळीवर शिक्का दुसराच आढळला, तर रागाचे दहा शब्द लिहिण्यापेक्षा फळीवर प्रत्यक्ष काय छापले होते तेवढेच लिहावे. ती साक्ष कोणालाही खोडून काढता येत नाही.

जीन्सच्या दुकानांत घाऊक आणि किरकोळ असे दोन्ही व्यवहार चालतात, आणि नवख्याचा घोटाळा बहुधा तेथेच होतो. एक नग मिळतो की ठराविक नगांचा गठ्ठाच घ्यावा लागतो, घालून पाहण्याची सोय आहे की नाही, माप चुकल्यास बदलून देतात का आणि किती दिवसांच्या मुदतीत, हे लिहिले तर पुढच्या गिऱ्हाइकाची एक फेरी वाचते. रंग पहिल्या धुण्यात उतरला की तिसऱ्या, शिवण कोठे उसवली, हेही लिहावे. मात्र वापरून न पाहता कापडाच्या टिकाऊपणाविषयी ठामपणे काही लिहू नये.

नमुन्यादाखल एक अभिप्राय येथे रचून देतो, तो कोणत्याही विशिष्ट दुकानाविषयी नाही: ‘मे महिन्यात येथून तीन दारांचे कपाट बनवून घेतले. निम्मी रक्कम आगाऊ दिली. पंधरा दिवसांचा वायदा होता, बाविसाव्या दिवशी कपाट आले. उशीर होणार हे दुकानदाराने आधी फोन करून कळविले होते. तिसऱ्या मजल्यावर चढविण्याचे पैसे निराळे द्यावे लागले, ते आधी सांगितले नव्हते. पक्के बिल मिळाले. ऑक्टोबरात भर: मधले दार पावसाळ्यात अडकू लागले, कळविल्यावर चार दिवसांत माणूस येऊन विनामूल्य रंधून गेला.’ यात स्तुती नाही आणि निंदाही नाही. तथापि हे वाचून कपाट करावयास टाकणारा मनुष्य चढवणावळीचा प्रश्न आधी विचारील आणि वायद्यात एक आठवड्याची सूट धरून चालेल. अभिप्रायाचा उपयोग म्हणजे हाच.

खाद्यपदार्थांविषयी लिहिताना वेळेचे भान ठेवावे. उल्हासनगरात सकाळी दाल-पकवान खाणारा आणि दुपारी उरलेले पकवान खाणारा हे दोघे एकाच दुकानाविषयी निरनिराळी आणि तितकीच खरी साक्ष देतील. म्हणून ‘सकाळी आठ वाजता गेलो होतो’ हे सांगितल्यावाचून चवीविषयी बोलू नये. घरपोच मागविलेले अन्न थंड पोहोचले तर तो दोष स्वयंपाक्याचा, वाहून आणणाऱ्याचा की वाटेतील फाटकाचा, याचा विचार न करता खानावळीस एक तारा देणे हे अन्याय्य आहे. एकदाच गेला असाल तर एकदाच गेलो होतो असे लिहावे. वारंवार जात असाल तर तेही लिहावे, कारण नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या एका ओळीस नवख्याच्या परिच्छेदाहून अधिक वजन असते.

अंबरनाथचे शिवमंदिर हा काही व्यवसाय नव्हे, आणि शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखाने ज्याचा काळ निश्चित झाला आहे त्या शिलाहारकालीन वास्तूस आपण तारे देणे मला अप्रशस्त वाटते. परंतु नकाशावर तिच्याही नावाखाली अभिप्राय लिहिले जातात, आणि ते लिहावयाचेच असतील तर उपयोगी लिहावेत. गाभारा सभामंडपाच्या पातळीहून खाली आहे आणि तेथे पायऱ्या उतरून जावे लागते, ही माहिती गुडघे दुखणाऱ्या आजीस घेऊन येणाऱ्या नातवाला ‘फारच छान’ या शब्दांपेक्षा शतपट उपकारक आहे. महाशिवरात्रीस यात्रा भरते तेव्हा दर्शनास किती वेळ लागला, वाहन कोठे लावावे लागले, हेही तसेच.

बदलापुरात ऋतू लिहिणे अगत्याचे आहे. उल्हास नदी गावाच्या पश्चिम अंगाने वाहते, आणि २०१९ च्या जुलै महिन्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकून पडली होती, तो प्रसंग येथील लोक विसरलेले नाहीत. उन्हाळ्यात पाहिलेले विश्रामगृह, फार्महाऊस किंवा मंगल कार्यालय आषाढात तसेच असेल असे नाही. रस्ता पाण्याखाली जातो का, वीज गेल्यावर जनित्र आहे का, हे ज्या महिन्यात पाहिले त्या महिन्याच्या उल्लेखासह लिहावे. कोंडेश्वरासारख्या धबधब्याच्या जागी तर सौंदर्याच्या वर्णनाआधी पाण्याच्या ओढीविषयी आणि निसरड्या खडकांविषयी लिहावे, आणि प्रशासनाचा बंदीहुकूम जारी असताना तेथे गेल्याची फुशारकी मुळीच मारू नये. ती वाचून जाणारा एखादा तरुण परत न येण्याचा संभव असतो.

सदनिकांची साक्ष सर्वांत मोलाची, आणि दुर्दैवाने तीच सर्वांत अकाली दिली जाते. नमुना-सदनिका पाहून, विक्री-प्रतिनिधीने केलेल्या आदरातिथ्याने भारावून लिहिलेले शब्द बांधकामाविषयी काहीही सांगत नाहीत. ताबा करारातील तारखेस मिळाला का, पाणी रोज किती वेळ येते आणि टँकर मागवावा लागतो का, उद्‌वाहन वीज गेल्यावर चालते का, वाहन उभे करण्याची जी जागा कागदावर दाखविली ती प्रत्यक्षात आहे का, पहिल्या पावसाळ्यात भिंतीस ओल आली का, हे तेथे राहणाऱ्यानेच लिहावे. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा हे गृहप्रकल्पांचे नियमन करणारे प्राधिकरण कार्यरत आहे; प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक अभिप्रायात दिल्यास वाचक ताब्याची जाहीर केलेली तारीख स्वतः पडताळून पाहू शकतो.

दवाखान्याविषयी लिहिताना लेखणी आवरावी. उपचार योग्य की अयोग्य हे ठरविण्याचे ज्ञान बहुतेकांपाशी नसते. पण तपासणी शुल्क किती, आधी सांगितले की नंतर, ठरल्या वेळेनंतर किती थांबावे लागले, चाकाची खुर्ची आत जाते का, डॉक्टरांनी ऐकून घेतले का, एवढे प्रत्येकाला सांगता येते आणि तेवढे पुरे असते. रुग्णाचे नाव व आजार, मग तो आपल्या घरचा का असेना, जाहीर ठिकाणी लिहू नये.

ताऱ्यांविषयी थोडेसे. अमेरिकेतील सिएटल शहराच्या उपाहारगृहांचा अभ्यास करून मायकेल लुका या संशोधकाने असे दाखविले की, येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढल्यास उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते, आणि हा परिणाम मोठ्या साखळी-उपाहारगृहांवर नव्हे, तर एकाकी, स्वतंत्र दुकानांवर होतो. आपल्या तिन्ही नगरांतील बहुतेक दुकाने याच दुसऱ्या वर्गातील आहेत. तेव्हा पाच तारे हा शिष्टाचार आणि एक तारा ही शिक्षा असे न मानता, अपेक्षेप्रमाणे काम झाले तर चार, काही उणीव राहिली तर तीन, अशी स्वतःची एक पद्धत ठरवून ती सर्वत्र सारखी पाळावी, आणि तारे व मजकूर यांत विसंगती राहू देऊ नये.

गल्ल्याजवळ ठेवलेले चौकोनी कोडचे कार्ड पुढे करून ‘पाच तारे द्या, दहा टक्के सूट घ्या’ असे म्हणणारे दुकानदार आता भेटू लागले आहेत. अशी सूट घेऊन लिहिलेली साक्ष विकत घेतलेली साक्ष होय. ती देऊ नये, आणि दिलीच तर सूट मिळाल्याचे त्याच मजकुरात स्पष्ट लिहावे. विक्रेत्याने ग्राहक असल्याची बतावणी करून स्वतःच्या मालाविषयी अभिप्राय लिहिण्यास ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनी मनाई केली आहे, आणि भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अभिप्राय गोळा करणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यांसाठी आयएस १९००० हे मानकही घालून दिले, जे तूर्त ऐच्छिक आहे. याच्या उलट बाजूचा अपराधही तितकाच गंभीर समजावा: ‘पैसे कमी करा, नाहीतर एक तारा देतो’ ही धमकी देणारा मनुष्य ग्राहकाच्या हक्काचा दुरुपयोग करतो.

खरोखरच फसवणूक झाली असेल तर काय करावे? प्रथम मालकाशी बोलावे, नोकराशी नव्हे, आणि दुरुस्तीस वाजवी अवधी द्यावा. तरीही दाद न लागल्यास अभिप्राय अवश्य लिहावा, पण तो फिर्यादीचा पर्याय नव्हे हे ध्यानात ठेवावे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि अशा लोकांच्या प्रयत्नांतून जे मार्ग खुले झाले ते वापरावयाचे असतात. छापील किमतीहून अधिक घेतले किंवा मापात मारले तर वैधमापन यंत्रणेकडे, अन्नात भेसळ असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे, अन्य तक्रारीसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. त्या सर्व ठिकाणी बिल मागितले जाईल, म्हणून ते जपून ठेवावे. अभिप्राय लिहिताना ‘चोर’, ‘लुटारू’, ‘भेसळखोर’ ही विशेषणे टाळावीत. ती सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर येऊ शकतो, आणि बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अपराध आहे. सद्‌हेतूने केलेल्या सत्यकथनास कायद्याने संरक्षण दिले असले तरी ते सत्य आपल्या हाती कागदोपत्री असणे बरे. संताप अनावर असताना मजकूर लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाचून मग प्रसिद्ध करावा.

छायाचित्र जोडावयाचे झाल्यास दरपत्रकाचे, दुकानाच्या दर्शनी भागाचे, सदोष वस्तूचे जोडावे. बिलाचे चित्र देताना आपला दूरध्वनी क्रमांक व पत्ता झाकावा. नोकर, कारागीर किंवा इतर गिऱ्हाइके यांचे चेहरे टिपू नयेत. आठ-दहा हजारांवर राबणाऱ्या पोऱ्याचे नाव घेऊन दोष दिला तर त्याची भाकरी जाते, आणि ज्या व्यवस्थेमुळे चूक झाली ती तशीच राहते. उलट चांगले काम करणाऱ्याचे नाव मात्र, त्याची हरकत नसल्यास, जरूर लिहावे.

भाषेविषयी संकोच नको. मोडक्या इंग्रजीत दोन शब्द लिहिण्यापेक्षा मराठीत सहा वाक्ये लिहावीत. टंकलेखन जमत नसेल तर मोबाईलसमोर बोलले तरी देवनागरीत अक्षरे उमटतात, आणि परभाषक वाचकास भाषांतर करून वाचण्याची सोय असते. आणि ज्यांचे नाव अद्याप नकाशावर आलेलेच नाही, अशा गल्लीतील शिंपी, चपला शिवणारा, गिरणीवाला यांच्याकडेही लक्ष द्यावे. मालकाची संमती घेऊन त्याची जागा नकाशावर नोंदविता येते. खूण नेमकी दारावर पडली आहे ना, रुळांच्या अलीकडे की पलीकडे, उघडण्याच्या व बंद होण्याच्या वेळा कोणत्या, सुटीचा वार कोणता, हे त्यालाच विचारून भरावे. दुकान हलले असेल वा कायमचे बंद झाले असेल तर तशी सूचनाही तेथेच देता येते. धोकादायक ठरलेल्या जुन्या इमारती रिकाम्या होऊन त्यांतील दुकाने दुसरीकडे जात असलेल्या उल्हासनगरात ही दुरुस्ती ज्याच्या नजरेस प्रथम पडेल त्यानेच त्याच दिवशी करावी.